आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : काशी व मुंबई यांच्या संदर्भात नागरी अग्निशमन आणि स्वयंसेवा

१. म्हणीतील अंतर

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही मराठीतील सर्वपरिचित म्हण सामान्यतः अनाठायी उपायाचे उदाहरण म्हणून वापरली जाते. गरज एकीकडे आणि साधन दुसरीकडे, एवढाच तिचा रूढ अर्थ आहे. तथापि ती शब्दशः वाचली तर तिच्यात एक सामाजिक व्यवस्थाही नोंदलेली दिसते. आग लागते ती वस्तीत. बंब असतो तो कोणाच्या तरी ताब्यात, कोठे तरी ठेवलेला आणि कोणी तरी पाठवावयाचा. आग आणि बंब यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात कोण उभे असते, हा प्रश्न म्हण विचारीत नाही. नागरी इतिहासाला मात्र तो टाळता येत नाही.

जगातील अनेक समाजांनी या प्रश्नाचे उत्तर 'शेजारी' असे दिले. अमेरिका, चिली, पोर्तुगाल, जपान येथे नगरांच्या आणि उपनगरांच्या पातळीवर स्वयंसेवी अग्निशामक मंडळ्या निर्माण झाल्या, टिकल्या आणि त्या त्या समाजाच्या नागरी आत्मप्रतिमेचा भाग बनल्या. काशीत व मराठी मुलखातील नगरांत अशी संस्था नागरी जीवनाचा सर्वसाधारण घटक म्हणून रुजली नाही. येथे स्वयंसेवेची परंपरा दुबळी होती असे मात्र म्हणता येत नाही. उलट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती विलक्षण जोमदार होती. बंब आणि स्वयंसेवक हे दोन्ही येथे होते, परंतु त्यांचे मार्ग वेगळे राहिले. ते का वेगळे राहिले आणि कोणत्या प्रसंगी एकत्र आले, याचा विचार काशी आणि मुंबई या दोन नगरांच्या आधारे प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. धावून जाण्याचे कर्तव्य

आग विझविण्यास धावून जाणे हे भारतीय परंपरेत केवळ सद्गुण मानलेले नाही, ते दंडनीय कर्तव्य म्हणूनही सांगितले आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील नागरिक या अधिकाऱ्यावरील प्रकरणात आगीसंबंधीचे नियम तपशिलाने आले आहेत. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत घरात अग्नी पेटवू नये. स्वयंपाक करणे भाग असेल तर तो बाहेर करावा. प्रत्येक घरी पाण्याचे घट, कुंभ, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, छपराचे गवत ओढून काढण्याचे साधन आणि कातड्याची पखाल असावी. गवताची व चटयांची छपरे दूर करावीत. अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांना एकत्र वसवावे. रस्त्यांवर, चव्हाट्यांवर, वेशींपाशी आणि राजाच्या इमारतींपाशी हजारो जलकुंभांच्या रांगा ठेवाव्यात. यानंतर येणारा नियम विशेष महत्त्वाचा आहे. जळत्या घराकडे धावून न जाणाऱ्या घरमालकाला बारा पण आणि भाडेकऱ्याला सहा पण दंड सांगितला आहे.

मालक आणि भाडेकरू यांच्या दंडातील हा फरक लक्षणीय आहे. नगरात ज्याची मालमत्ता अधिक, त्याचे नगराविषयीचे उत्तरदायित्व अधिक, असे तत्त्व त्यामागे दिसते. पण दोघांपैकी कोणालाही सूट नाही. अग्निशमन हे येथे स्वेच्छेचे कार्य नाही. ते नगरवासी असण्याची किंमत आहे. अर्थशास्त्र हा नियमनाचा ग्रंथ आहे, प्रत्यक्ष व्यवहाराचा अहवाल नव्हे, हे भान ठेवूनही एवढे म्हणता येते की नगर, पाणी आणि शेजारी यांचा परस्परसंबंध त्यात स्पष्टपणे कल्पिलेला आहे.

याच कल्पनेची आधुनिक रूपे अन्यत्र दिसतात. एदो (आजचे तोक्यो) हे लाकडी घरांचे नगर १६५७च्या महाभयंकर आगीत मोठ्या प्रमाणावर जळाले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शोगुन योशिमुने याच्या राजवटीत तेथे नगरवासीयांची अग्निशामक पथके उभारली गेली आणि १७२०मध्ये त्यांना जपानी वर्णमालेतील अक्षरांची नावे मिळाली. प्रत्येक पथकाचे निशाण वेगळे, अभिमान वेगळा. पुढे रंगभूमी आणि काष्ठमुद्रित चित्रे यांनी या पथकांतील माणसांना नायकत्व दिले. फिलाडेल्फिया येथे १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिन व त्याचे सहकारी यांनी युनियन फायर कंपनी स्थापन केली. तिचे सभासद एकमेकांच्या घरी चामड्याच्या बादल्या आणि पोती घेऊन धावून जाण्यास करारबद्ध होते. चिलीतील वाल्पाराईसो येथे १८५१ साली स्वयंसेवी पथक निघाले, आणि चिलीची अग्निशमन व्यवस्था आजही मुख्यतः बिनपगारी स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

या मंडळ्यांचे केवळ गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. अमेरिकी नगरांतील स्वयंसेवी मंडळ्या आपापसांत मारामाऱ्या करीत, पक्षीय राजकारणाच्या अड्ड्यांचे रूप घेत आणि कोणाला सभासद करावे व कोणाला नाही याबाबत काटेकोर भेद पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या नगरांनी पगारी दलांचा स्वीकार केला, त्यामागे वाफेवरील बंबांइतकेच हेही कारण होते. म्हणून येथे प्रश्न पगारी दल श्रेष्ठ की स्वयंसेवी, असा नाही. पगारी दलाच्या जोडीला शेजाऱ्याचे कर्तव्य कोणत्या रूपात शिल्लक राहिले, हा आहे.

३. काशीचा रेसिडेंट, मुंबईचा गव्हर्नर

काशी आणि मुंबई यांच्या नागरी इतिहासाला जोडणारी एक व्यक्ती म्हणजे जोनाथन डंकन. १७८७ पासून १७९५ पर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीचा बनारस येथील रेसिडेंट होता. १७९१ साली त्याच्या पुढाकाराने तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय तिच्याच परंपरेतील आहे. १७९५च्या अखेरीस डंकन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला.

त्याच्या कारकीर्दीत, १७ फेब्रुवारी १८०३ रोजी, मुंबईच्या कोटात प्रचंड आग लागली. त्या वेळचा कोट म्हणजे तटबंदीच्या आत दाटीने वसलेले, गुदामे आणि घरे यांची सरमिसळ असलेले गाव होते. बाजाराचा मोठा भाग, सैनिकांच्या बराकी आणि अनेक सार्वजनिक इमारती तीत भस्मसात झाल्या. ज्वाळा किल्ल्यातील दारूच्या कोठाराकडे सरकू लागल्या, तेव्हा आगीपुढची घरे तोफा डागून पाडावी लागली. पाण्याने जे साधले नाही ते तोफेने साधावे लागले. नगररक्षण म्हणजे लष्करी कारवाई, हे समीकरण त्या दिवशी अक्षरशः खरे ठरले.

या आगीचा दूरगामी परिणाम नगररचनेवर झाला. एतद्देशीय वस्तीला कोटाबाहेर, मैदानापलीकडे जागा देण्याचे धोरण डंकनच्या शासनाने नेटाने पुढे नेले. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या दिशेने वाढत गेलेल्या 'बाहेरच्या' मुंबईला या आगीने मोठी चालना दिली. कोटाबाहेरचे गाव, म्हणजे त्या काळचे उपनगर, हे अंशतः आगीचे अपत्य होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु या नव्या वस्तीला आगीपासून राखण्याचे काम तेथील रहिवाशांच्या संघटनेकडे सोपविले गेले नाही.

पुण्याचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. लाकडी चौकटीच्या वाड्यांच्या या शहरात शनिवारवाड्याला १७९१ पासून अनेकदा आगी लागल्या. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि तीत वाड्याच्या आतील लाकडी महाल नष्ट झाले. आज उभे आहेत ते दगडी तट, दरवाजे आणि जोती. सात मजल्यांचे वैभव आणि हजारी कारंज्याचे पाणी ज्या वास्तूत होते, तिच्या अंतकाळी सत्ताही नव्हती आणि ती वास्तू आपली मानून राखणारे नगरही उरले नव्हते. राजवाड्याची आग ही राज्य गेल्यानंतर कोणाची जबाबदारी, या प्रश्नाचे उत्तर त्या भग्नावशेषांनी दिले आहे.

४. बंब कोणाचा?

मराठीतील 'बंब' या शब्दाचे अर्थविश्व मनोरंजक आहे. पाणी उपसण्याच्या यंत्राला पोर्तुगीज भाषेत 'बॉम्बा' म्हणतात आणि अग्निशामक जवानाला 'बॉम्बेइरो'; मराठी शब्दाशी त्यांचे साम्य उघड आहे. मराठी घरात मात्र बंब म्हणजे तांब्यापितळेचे, मध्ये निखाऱ्याची नळी असलेले पाणी तापविण्याचे भांडेही होय. एकाच शब्दाने पोटात अग्नी बाळगणारे भांडे आणि अग्नीवर पाणी फेकणारे यंत्र, दोन्ही सुचतात. पहिला बंब घरचा, रोज सकाळी पेटणारा. दुसरा सरकारचा, घंटा वाजवीत येणारा. सामान्य माणसाच्या अनुभवात या दोन बंबांमधील अंतर फार मोठे होते.

मुंबईत १८५५ साली नियमित अग्निशमन दल उभे राहिले ते पोलिसांच्या अखत्यारीत. घोड्यांनी ओढावयाचे बंब आणि ते चालविणारी माणसे पोलीस यंत्रणेचा भाग होती. यामागील तर्क वसाहतवादी शासनाच्या दृष्टीने स्वाभाविक होता. आग लागली की गर्दी जमते. गर्दी जमली की लूट आणि दंगा यांची शक्यता असते. म्हणून आग ही प्रथमतः सुव्यवस्थेची समस्या. फिलाडेल्फियात आगीभोवती जमलेली माणसे हीच मंडळी बनली. मुंबईत ती माणसे पोलिसांनी मागे हटवावयाची गर्दी ठरली. १८५७ नंतरच्या काळात नगरवासीयांच्या गणवेशधारी, शिस्तबद्ध, स्वायत्त पथकांना प्रोत्साहन देण्याची शासनाची वृत्ती असणे संभवनीयही नव्हते.

१८८७ साली ही जबाबदारी नगरपालिकेकडे आली आणि पुढील वर्षीच्या महापालिका कायद्याने तिला वैधानिक चौकट दिली. १८९० साली लंडनच्या दलातील डब्ल्यू. निकल्स हे मुंबईच्या दलाचे पूर्णवेळ प्रमुख झाले. १९०७ साली मुंबईत मोटारीवरचा पहिला बंब आला. पोलिसांकडून नगरपालिकेकडे झालेले हे स्थित्यंतर महत्त्वाचे होते, कारण त्यामुळे अग्निशमन ही करदात्या नागरिकाची सेवा झाली. तथापि करदाता हा सेवेचा धनी झाला, सहभागी नव्हे. आदर्श म्हणून पुढे होते ते लंडनचे दल, आणि त्या दलानेही १८६६ साली विमा कंपन्यांच्या पथकांची जागा घेऊन सार्वजनिक, पगारी स्वरूप धारण केले होते. इंग्लंडच्या खेड्यांत आणि उपनगरांत स्वयंसेवी पथके होती. परंतु मुंबईकडे आला तो राजधानीचा नमुना, उपनगराचा नव्हे.

५. पाणी कोणाच्या हातचे?

स्वयंसेवी अग्निशमनाचे मूळ दृश्य म्हणजे विहिरीपासून जळत्या घरापर्यंत उभी राहिलेली माणसांची साखळी आणि हातोहात सरकणारी बादली. या दृश्यात एक गृहीत दडलेले आहे. पाणी कोणाच्याही हातून कोणाच्याही हातात जाऊ शकते, हे ते गृहीत होय. भारतीय नगरात ते गृहीत धरता येत नव्हते.

नळाचे पाणी आले तेव्हा या प्रश्नाला तोंड फुटले. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी मिळू लागले. नळाच्या जोडणीत कातडे वापरतात म्हणून ते पाणी धर्मकृत्यास चालेल काय, अशा शंका एकोणिसाव्या शतकात सनातनी वर्तुळांत घेतल्या जात. काशीत पाणीपुरवठ्याचा प्रश्न याहून तीव्र झाला. भदैनी येथे गंगेकाठी पंपगृह बांधताना तेथील राममंदिराला धोका निर्माण झाला, या भावनेतून एप्रिल १८९१ मध्ये शहरात मोठा दंगा उसळला आणि जलकामाच्या यंत्रसामग्रीची नासधूस झाली. बंबाला लागणारे दाबाचे पाणी ज्या यंत्रणेतून यावयाचे, ती यंत्रणाच काशीच्या नागरी मनात परकी म्हणून प्रवेशली.

काशीचे पक्के महाल, म्हणजे दगडी बांधणीची घरे आणि दोन माणसे जेमतेम ओलांडू शकतील अशा गल्ल्या, पुण्यासारख्या लाकडी शहरापेक्षा आगीला कमी बळी पडणारे होते. परंतु त्या गल्ल्यांत बंब शिरणे अशक्यच. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरातील मराठी वस्तीही अशाच गल्ल्यांत विसावलेली. अशा ठिकाणी पहिला प्रतिकार शेजाऱ्यांनीच करावयाचा असतो. शेजारधर्म तेथे जातीच्या आणि मोहल्ल्याच्या आत जिवंत होता. त्या सीमा ओलांडणारी नोंदणीकृत, नियमबद्ध मंडळी निर्माण होण्यासाठी मात्र पाण्यावरचा अधिकार आधी सर्वांचा व्हावयास हवा होता.

हा अधिकार मराठी मुलखात ज्या प्रकारे मागावा लागला, तो इतिहास सुपरिचित आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ साली मांडला आणि तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली त्या तळ्याचे पाणी प्राशन करणाऱ्यांना मारहाण सोसावी लागली. तळ्याला हात लावण्यासाठी जेथे सत्याग्रह करावा लागतो, तेथे त्या तळ्यापासून जळत्या घरापर्यंत हातांची साखळी कशी उभी राहणार? स्वयंसेवी अग्निशमन मंडळीच्या अभावाची मीमांसा करताना शासनाचा अविश्वास हे कारण पुढे करणे सोपे आहे. समाजाने स्वतःच पाण्याभोवती उभारलेली कुंपणे हे दुसरे कारण तितकेच वजनदार मानावे लागते.

६. स्वयंसेवकाची दुसरी वाट

याच काळात स्वयंसेवक ही व्यक्तिरेखा भारतीय सार्वजनिक जीवनात ठळक होत होती आणि तिच्या जडणघडणीत काशीचा वाटा मोठा आहे. १९०० साली स्वामी विवेकानंदांच्या विचारांनी प्रेरित झालेल्या काही तरुणांनी काशीत रस्त्यावर पडलेल्या निराधार, आजारी यात्रेकरूंची शुश्रूषा सुरू केली. तेच कार्य पुढे रामकृष्ण मिशनचा सेवाश्रम म्हणून स्थिरावले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बनारस येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. १९११ साली ना. म. जोशी यांच्या प्रयत्नाने मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली आणि तिने कामगार वस्तीत वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने चालविले. अलाहाबाद येथे १९१४ साली भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समिती उभी राहिली. पंडित मदनमोहन मालवीय यांचा तिला आधार होता.

१९१५च्या हरिद्वार कुंभमेळ्यात भारत सेवक समाजाचे मोठे स्वयंसेवक पथक कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली काम करीत होते आणि त्याचे वैद्यकीय अधिकारी म्हणून डॉ. देव होते. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत याची नोंद केली असून त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मंडळींनी या पथकाला साहाय्य करून मेळ्यातील शौचखड्ड्यांच्या स्वच्छतेचे काम अंगावर घेतले होते. १९१८ साली सेवा समिती बालचर संघटना निघाली. पुढे १९२३ साली डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्थानी सेवादल आणि १९४१ साली पुण्यात राष्ट्र सेवा दल, अशी ही परंपरा विस्तारत गेली.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. स्वयंसेवकाचे क्षेत्र म्हणजे मेळा, दुष्काळ, साथ, पूर, अधिवेशन. ही सर्व प्रसंगोपात्त, देशव्यापी आणि बहुधा घरापासून दूरची क्षेत्रे आहेत. स्वयंसेवक आपले गाव सोडून राष्ट्राच्या हाकेला जातो. अग्निशमन मंडळीचे स्वरूप याच्या नेमके उलट असते. तिचे क्षेत्र आपली गल्ली. तिचे काम वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे, दोर तपासण्याचे, शिडी दुरुस्त ठेवण्याचे. तिच्यात त्यागापेक्षा सातत्य लागते. राष्ट्रीय चळवळीने घडविलेला स्वयंसेवक हा प्रसंगाचा वीर होता. शेजारासाठी बांधून घेतलेला पहारेकरी त्याच्यात क्वचितच विकसित झाला. मराठी साहित्यातही तुरुंगात जाणारा, पुरात उडी घेणारा, साथीत सेवा करणारा तरुण भेटतो. जपानी रंगभूमीने उभा केला तसा आपल्याच गल्लीच्या निशाणाखाली उभा असलेला अग्निशामक मराठीत वाङ्मयीन प्रकार म्हणून स्थिरावला नाही, याचे मूळ अंशतः येथे शोधता येते.

७. १४ एप्रिल १९४४

बंब आणि स्वयंसेवक यांना एकत्र आणले ते दुसऱ्या महायुद्धाने. हवाई हल्ल्यांच्या भीतीने भारतातील मोठ्या शहरांत नागरी संरक्षणाची यंत्रणा उभी राहिली. वस्तीवस्तीत वॉर्डन नेमले गेले, आणि नेहमीच्या दलाला पूरक म्हणून साहाय्यक अग्निशमन सेवा संघटित झाली. ज्या शासनाने शतकभर गर्दीला मागे हटविले होते, त्याच शासनाला आता त्या गर्दीतून माणसे निवडून त्यांच्या हाती पंप द्यावे लागले.

मुंबईवर शत्रूचे विमान आले नाही. आपत्ती गोदीतून आली. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत पोहोचून व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके, कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या. १४ एप्रिल रोजी दुपारी कापूस असलेल्या दोन क्रमांकाच्या तळघरातून धूर येताना दिसला. अग्निशामक जवान जहाजावर चढले आणि त्यांनी तळघरात शेकडो टन पाणी ओतले. परंतु आगीचा मूळ ठिकाणा सापडला नाही. जहाज गोदीबाहेर न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय अधिकाऱ्यांच्या वेगवेगळ्या मतांत अडकून पडला. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद सिमला येथील भूकंपमापकावर झाली. जळत्या कापसाचे गोळे आणि तप्त धातूचे तुकडे आसपासच्या दाट वस्तीवर कोसळले. मृतांचा सरकारी आकडा सातशेच्या पुढे होता. अन्य अंदाज तेराशेपर्यंत जातात. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले, आणि सुमारे ८,००० माणसांनी सात महिने राबून गोदीतील ढिगारे उपसले.

या दुर्घटनेत अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्राच्या पंचांगात अग्निशामकाला स्थान मिळाले ते या दिवसामुळे, आणि ते योग्यच आहे. परंतु स्मृतीची ही रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. दलातील मृतांची संख्या निश्चित आहे, कारण दलाला हजेरीपट असतो. गोदीतील हमाल, जवळच्या चाळींतील रहिवासी, मदतीला धावलेले शेजारी यांच्या बाबतीत मृतांची एकूण संख्याच सातशे आणि तेराशे यांच्या दरम्यान हेलकावे खाते. जो संघटनेचा सभासद होता त्याचे मरण मोजले गेले. जो केवळ शेजारी होता त्याचे मरण अंदाजात मिसळले. स्वयंसेवी मंडळीच्या अभावाची ही सर्वांत कठोर किंमत म्हणावी लागेल. नोंद नसलेल्या कर्तव्याला स्मारकही नसते.

८. स्वातंत्र्योत्तर चौकट

संयुक्त प्रांतात १९४४ सालीच अग्निशमन सेवेचा कायदा झाला आणि तेथील सेवा प्रांतिक स्वरूपाची, पोलीस खात्याशी जोडलेली राहिली. काशीची अग्निशमन व्यवस्था याच चौकटीत वाढली. मुंबईत ती महापालिकेची होती. म्हणजे काशीत बंब राज्याचा आणि मुंबईत नगराचा, असा भेद कायम झाला. महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ साली उपनगरांत वाढली तेव्हा मुंबईच्या दलाचे कार्यक्षेत्रही विस्तारले. उपनगरांना स्वतःची नागरिक मंडळी उभारण्याऐवजी मध्यवर्ती दलाची केंद्रे मिळाली.

स्वयंसेवेचा धागा वेगळ्या नावाने पुढे गेला. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई प्रांतात होमगार्ड ही नागरिकांची स्वयंसेवी संघटना स्थापन झाली. पोलिसांना साहाय्य हे तिचे मुख्य काम असले तरी आग, पूर अशा आपत्तींतील मदतही तिच्या कार्यकक्षेत आली. १९६८ साली नागरी संरक्षण कायदा झाला. केंद्र शासनाने १९५८ साली राज्यांना आदर्श अग्निशमन विधेयक पाठविले. पुढे अनेक राज्यांच्या कायद्यांत, बेळगाव परिसराला लागू असलेल्या कर्नाटकाच्या १९६४च्या कायद्यातही, गरज पडल्यास स्वयंसेवकांची नोंदणी करून साहाय्यक दल उभारण्याचा अधिकार शासनाला देण्यात आला. येथे 'शासनाला' हा शब्द महत्त्वाचा आहे. मंडळी नागरिकांनी काढावयाची नाही, शासनाने उभारावयाची आहे.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र यांचा एक सांधा जुळला. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे सुरू होऊन १९५७ साली नागपूरला आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी तेथे घडले. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा समाविष्ट केली, आणि तत्त्वतः ती नगरपालिकांचा विषय ठरली. महाराष्ट्राचा २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००८ पासून अमलात आला. त्याने इमारतीचे मालक व भोगवटादार यांच्यावर आगीपासूनच्या संरक्षणाची साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी टाकली. मालक आणि भोगवटादार ही जोडी पाहिली की अर्थशास्त्रातील मालक आणि भाडेकरू यांची आठवण होते. मात्र फरक मूलगामी आहे. प्राचीन नियमात कर्तव्य होते ते शेजाऱ्याच्या जळत्या घराकडे धावण्याचे. आधुनिक नियमात कर्तव्य आहे ते आपल्या इमारतीची साधने राखण्याचे. साधनांची यादी टिकली, धावणे गळाले.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील एका जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत इमारत कोसळून दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. १८०३च्या आगीनंतर ज्या दिशेला मुंबई कोटाबाहेर पसरली, त्याच भागातील ही घटना. दोनशे वर्षांत तोफेची जागा उंच शिड्यांनी घेतली. दाट वस्ती, गुदाम आणि घर यांची सरमिसळ आणि अरुंद वाट मात्र तशीच राहिली.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. काशीत आणि मुंबईत अग्निशमनाची आधुनिक संस्था शासनाच्या सुव्यवस्थेच्या गरजेतून जन्मली, शेजाऱ्यांच्या करारातून नव्हे. त्याच काळात उदयाला आलेली स्वयंसेवेची परंपरा राष्ट्राकडे वळली, गल्लीकडे नव्हे. पाण्याभोवतीची सामाजिक बंधने ही या दोहोंना एकत्र येऊ न देणारी तिसरी शक्ती होती. युद्धकाळात हे दोन प्रवाह क्षणभर मिळाले, परंतु शांतताकाळात तो संगम टिकला नाही.

२०१६ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 'आपदा मित्र' ही योजना सुरू केली आणि पुढे देशातील ३५० जिल्ह्यांत एक लाख नागरिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. हा उपक्रम उशिरा का होईना, स्वयंसेवकाला त्याच्या स्वतःच्या वस्तीकडे परत आणणारा आहे. त्याचे यश केवळ प्रशिक्षणाच्या संख्येवर ठरणार नाही. वस्तीतील कोणत्याही घराला कोणाचाही हात आणि कोणाच्याही हातचे पाणी चालते काय, यावर ते अधिक अवलंबून राहील.

तौलनिक दृष्टीने पाहता प्रत्येक समाजाच्या आगीविषयीच्या म्हणी त्याच्या शेजारधर्माविषयी काही सांगत असतात. घर पेटल्यावर विहीर खणण्याची भर्तृहरीची प्रतिमा दूरदृष्टीचा अभाव दाखविते. मराठीची म्हण त्याहून वेगळी आहे, कारण तिच्यात विहीरही आहे, बंबही आहे, केवळ तो सोमेश्वरी आहे. साधन आहे पण ते आपल्यापाशी नाही, ही व्यथा तिने नेमकी टिपली आहे. रामेश्वरीच्या माणसांनी बंब येईपर्यंत काय केले, याविषयी म्हण मौन बाळगते. काशीच्या गल्ल्यांत आणि गोदीलगतच्या चाळींत त्यांनी पुष्कळ काही केले असणार. त्या कृतीला नाव, नियम आणि नोंद देणारी संस्था मात्र घडली नाही.